ड्रायव्हरचा खांदा

मी खांदा दाखवायला गेलो होतो आणि बाई माझ्या चपला बघत बसल्या. दारात काढलेली उजवी चप्पल त्यांनी उचलली, उलटी केली, टाचेवरून अंगठा फिरवला, मग डावी उचलली. बाई वयानं माझ्या आईएवढ्या. मला कसंतरीच झालं. म्हणालो, "बाई, दुखणं खांद्याचं आहे."

"माहीत आहे. पण खांदा एकटाच चालत आला का इथं? त्याच्यासंग तू पण आलास ना?"

मग त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि तासभर प्रश्न विचारले. कोणत्या कुशीवर झोपतोस, जेवताना मांडी घालतोस का, न्हाणीत तांब्या कोणत्या हातात धरतोस, बायकोशी भांडलास की हात कुठं जातो. मी एक्स-रेचं पाकीट पुढे केलं तर म्हणाल्या, "फोटो नंतर. लग्न थोडंच जुळवायचंय." शेवटी त्यांनी विचारलं, "नोकरीच्या आधी काय काम करायचास? लहानपणापासून सांग."

"काही नाही, शिकत होतो," मी म्हणालो.

ते खोटं होतं. सिल्लोडच्या पलीकडे आमचं गाव, आणि आमचं घर पिढ्यान् पिढ्या शेळ्या-मेंढ्यांमागे हिंडणारं. माझी शाळाही शेळ्या राखता राखता जमेल तशी झालेली. पण एसटीचा खाकी ड्रेस अंगावर चढल्यापासून ही गोष्ट मी कुणाला सांगत नव्हतो. डेपोत कुणी गमतीनं 'मेंढरं' म्हणालं तरी माझ्या कानाची पाळी तापायची. बाईंनी माझं उत्तर वहीत लिहून घेतलं आणि वहीच्या पुठ्ठ्यावर, नाव लिहितात तिथे, मोठ्या अक्षरात लिहिलं: 'ड्रायव्हर'. पुढे कधीच त्यांनी मला दुसऱ्या नावानं हाक मारली नाही.

बाई उस्मानपुऱ्यात राहायच्या. घरामागे मोटारीसाठी बांधलेली एक खोली होती. मोटार कधी आलीच नाही, त्यामुळे तिथे पेशंट बसायचे. सरकारी दवाखान्यात त्यांनी पंचवीसेक वर्षं सांध्यांचे व्यायाम दिले होते आणि निवृत्त झाल्यावर तेच घरी चालू ठेवलं होतं. लोक डॉक्टरीणबाई म्हणायचे. ते त्यांना मुळीच खपत नसे. "डॉक्टर कापतात. मी वाकवते," म्हणायच्या. वडील निजामाच्या अमदानीत कचेरीत होते, शिक्षण उर्दूत झालेलं. ती उर्दू लेकीच्या तोंडात उतरली होती. दुखलं की पेशंट ओरडायचा आणि बाई सावकाश म्हणायच्या, "आहिस्ता, आहिस्ता. जल्दी कुणाला आहे?"

जल्दी मला होती. पुंडलिकनगरात तेव्हा चार घरं आणि चाळीस कुत्री. त्यातलं एक घर माझं, अर्धं बांधलेलं. पावसाळ्याआधी पत्रा ठोकायला शिडीवर चढलो, शिडी सरकली, मी उजव्या अंगावर पडलो आणि खांदा निखळला. दवाखान्यात तो जागेवर बसवला आणि झोळीत बांधून दिला. तीन आठवड्यांनी सोडा म्हणाले होते. मी भित्रा, दोन महिने बांधूनच ठेवला. सोडला तेव्हा हात छातीच्या वर जाईना. ड्रायव्हरचा खांदा गेला की ड्रायव्हर गेला. मला डेपोत हलकं काम दिलं आणि सहा महिन्यांनी मेडिकल ठेवलं. त्यात नापास झालो तर स्टेअरिंग कायमचं सुटणार होतं आणि पुढची पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या धुण्यात जाणार होती. आमच्या खानदानात चाकाला हात लावलेला मी पहिला माणूस. ही गोष्ट ऐकायला वाटते तेवढी साधी नाही.

बाईंचा एक हट्ट होता. एकाचा व्यायाम दुसऱ्याला द्यायचा नाही. दोघांचा तोच सांधा, तीच इजा, वयसुद्धा तेच असलं तरी नाही. त्यामुळे ती खोली दवाखाना कमी आणि शहागंजातलं जुन्या सामानाचं दुकान जास्त वाटायची. शिवणयंत्राचं पायडल होतं, पाटा-वरवंटा होता, विहिरीची कप्पी छताला टांगलेली होती, जुन्या साडीच्या तुकड्यांत बांधलेल्या रेतीच्या पुरचुंड्या होत्या. भिंतीवर फळ्यावर वापरतात तो शाळेचा लाकडी कोनमापक. पेशंटच्या हाताला तो लावून बाई रोज अंश मोजायच्या आणि वहीत टिपायच्या. शिंप्याच्या वहीवर 'शिंपी', भाकरी करून विकणाऱ्या बाईच्या वहीवर 'भाकरी'. या भाकरीवाल्या बाईंचा गुडघा गेला होता, चुलीपुढे बसता येत नव्हतं. बाईंनी एकावर एक सहा पाट रचले, त्यावर तिला बसवून रिकाम्या परातीत पीठ मळल्यासारखे हात फिरवायला लावलं आणि दर आठवड्याला एक पाट काढून घेतला. शेवटचा पाट निघाला त्या दिवशी ती बाई जमिनीवर बसून रडली आणि बाई तिला म्हणाल्या, "रडतेस काय, ऊठ. उठायचं अजून बाकी आहे."

एक हाजीसाहेब यायचे, रोशनगेटकडचे. त्यांना नमाजात सजदा, म्हणजे गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावणं, जमत नव्हतं, खुर्चीवर बसून नमाज पढावी लागे आणि त्याची त्यांना फार खंत. बाईंनी त्यांना मुसल्ला, नमाजाची चटई, घेऊन यायला सांगितलं. स्वतः भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि म्हणाल्या, "पढा. कुठं अडलं की नुसतं 'हूं' म्हणा." हाजीसाहेबांचं 'हूं' जिथे जिथे आलं तिथे तिथे गुडघ्याखाली एकेक उशी आली.

हाजीसाहेब संकोचून म्हणाले, "बाई, अल्ला के सामने तकिया? अच्छा नहीं लगता."

"घुटना उसीने बनाया है, हाजीसाहेब. उसको सब मालूम है."

चार महिन्यांत उशा संपल्या. ईदेला त्यांच्या घरून शीरखुर्म्याचं भांडं आलं आणि बाईंनी आम्हा सगळ्यांना वाटी वाटी दिलं. मला मात्र हातात दिलं नाही, वाटी उंच फळीवर ठेवली आणि म्हणाल्या, "उजव्यानं घे."

या हट्टापायी त्या माणसांना हाकलूनही द्यायच्या. दोन जावा होत्या, दोघींचे खांदे धरलेले. धाकटीला वेळ नसे म्हणून ती थोरलीचेच व्यायाम घरी करायची. एके दिवशी बाईंनी तिचा हात नुसता धरला आणि सोडून दिला. "हे कुणाचं चोरलंस?" त्यांनी विचारलं. धाकटी म्हणाली, "दोघींचं दुखणं एकच हाये की, बाई." बाई म्हणाल्या, "दोघींचा नवरा एकच आहे का?" खोलीत हसायची कुणाची हिंमत झाली नाही. धाकटीला महिनाभर यायची बंदी झाली. थोरलीनंच शेवटी रदबदली केली.

माझ्यासाठी बाईंनी भंगारातून बसचं एक जुनं स्टेअरिंग आणलं आणि लाकडी घोड्यावर तिरकं बसवलं. पण आधी त्या माझं काम बघायला गेल्या. मी गाडी चालवत नव्हतो, म्हणून माझ्या जागी सिल्लोड लाइनला असलेल्या ड्रायव्हरच्या गाडीत त्या तिकीट काढून बसल्या, इंजिनाच्या शेजारी, वही मांडीवर घेऊन. दिवसभरात तीन फेऱ्या केल्या. दुसऱ्या दिवशी त्या ड्रायव्हरनं मला डेपोत गाठलं. "कोण म्हातारी हाये ती? चौक्याच्या घाटात मी स्टेअरिंग मारतोय आन ही माझ्या काखंकडं बघून लिहितेय. गाडी दरीत घालीन म्हणलं."

त्या वहीत सगळं होतं. घाटातल्या वळणाला हात किती फिरतो, खिडकीतून हात दाखवताना कुठपर्यंत जातो, दार उघडून वर चढताना कडी धरायला किती उंच जातो. सगळ्यात उंच तेच, कपाळापर्यंत. या मापानं त्यांनी माझा खांदा बांधला. आधी नुसतं स्टेअरिंग, मग त्याला दोरीनं रेतीची पुरचुंडी, मग दोन, मग चार. पाच महिने मी उस्मानपुऱ्यातल्या त्या खोलीत बसून रोज सिल्लोडला जाऊन यायचो. बाई शेजारी उभ्या राहून म्हणायच्या, "फुलंब्री आली. समोर बैलगाडी. वळव." मी वळवायचो. खोटं कशाला सांगू, एकदा मी तोंडानं हॉर्नसुद्धा वाजवला.

मेडिकलच्या दिवशी मला खात्री होती. हातात ताकद आली होती, दुखत नव्हतं, आदल्या दिवशी डेपोच्या आवारात मित्राची गाडी दोनदा फिरवून पाहिली होती. मेडिकलचे साहेब शांत माणूस होते. त्यांनी स्टेअरिंगचं नावसुद्धा काढलं नाही. म्हणाले, "दोन्ही हात बाजूनं वर घ्या, दंड कानाला लावा." डावा लागला. उजवा कपाळापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मी दम लावला, मान वाकवली, कानच हाताकडे न्यायला बघितला. साहेबांनी हळूच माझं डोकं सरळ केलं. पुन्हा तेच. त्यांनी कागदावर 'अपात्र' लिहिलं. नियमच तसा होता, त्यांचा काय दोष.

बायकोला घेऊन मी सरळ बाईंकडे गेलो. मी तावातावानं सांगत होतो. गाडी काय कानानं चालवायची का, असलंच सगळं. बाई ऐकत होत्या. मग त्यांनी माझा हात धरून वर नेला, कपाळाशी थांबला तिथे कोनमापक लावला आणि आकडा वहीतल्या मापाशी ताडून पाहिला. मग म्हणाल्या, "तुझ्या कामात हात ह्याच्या वर जात नाही. म्हणून मी नेलाच नाही." हे त्या मला सांगत नव्हत्या, स्वतःलाच सांगत होत्या. मग वळून विचारलं, "आयुष्यात कधी हात वर करून काही केलं असशील ना? झाडाला, छताला, कशाला तरी?"

मी म्हणालो, "नाही."

बायको दाराशी उभी होती. ती म्हणाली, "बाई, ह्ये लहानपणापास्नं शेळ्या राखायचे. दिसभर आकडी घेऊन बाभळीच्या डहाळ्या वडायचे. लगीन झाल्यावर बी दोन वरीस तेच. सांगायला लाजत्यात."

खोलीत शिंपी होता, हाजीसाहेब होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता बाई मला सोलून काढणार असं वाटलं. धाकट्या जावेला तर त्यांनी एवढ्याशा गोष्टीला महिनाभर बाहेर ठेवलं होतं. पण बाईंनी नुसती वही मिटली आणि म्हणाल्या, "घरी जा. मी निरोप धाडीन." मला वाटलं, बाईंनी आपल्याला सोडलं. त्या आठवड्यात मी डेपोत पाइप हातात धरून चार गाड्या धुतल्या. सवय करून घ्यावी म्हणून.

आठ दिवसांनी डेपोत हुकूम आला की माझी दोन महिन्यांनी फेरतपासणी आहे. असं सहसा होत नाही. युनियनवाले म्हणाले, साहेबांना दया आली असेल. बाईंना सांगायला गेलो तर त्यांना जराही नवल वाटलं नाही. "रजा टाक. गावी जा. सकाळ-संध्याकाळ बापाच्या शेळ्या चारायच्या. उंच डहाळीच तोडायची, हाताजवळची नाही. मी बघायला येईन," एवढंच म्हणाल्या.

मी वडिलांकडे, आबांकडे, आकडी मागितली. लांब बांबू, टोकाला विळ्यासारखं पातं. "नोकरी गेली व्हय रं?" त्यांनी विचारलं.

"नाय आबा. इलाज हाये."

"शेळ्या वळायचा?"

"डॉक्टरनी सांगितलंय."

"मंग तुझ्या डॉक्टरला म्हनावं, माझा बी खांदा साठ वरसं त्याच दवेवर हाये." आणि ते हसत सुटले. किती तरी वर्षांत आबा माझ्यावर असे मोकळे हसले नव्हते. मी ड्रायव्हर झाल्यापासून घरी आलो की ते मला पाहुण्यासारखं सतरंजीवर बसवायचे.

पहिले पंधरा दिवस डोळ्यांतून पाणी यायचं. आकडी वर जायचीच नाही. शेळ्या खाली तोंड वर करून उभ्या आणि मी त्यांना शिव्या देतोय. आबा मागून सांगायचे, "नुसता हात उचलू नगंस. पायाच्या बोटावर हो, मंग हात आपसूक जातो." तसं करायला लागलो आणि खरंच बोटभर बोटभर वर जायला लागला. लहानपणी हे मला कुणी शिकवलं नव्हतं, अंगातच होतं. ते मी इतकी वर्षं लाजेपायी झाकून ठेवलं होतं, आणि आता तेच मला हात देत होतं. आबांशेजारी बांधावर बसून भाकरी खाताना मला एकदा फार वाईट वाटलं आणि मी तसं त्यांना सांगून टाकलं. ते म्हणाले, "खा."

महिन्यानं बाई आल्या. एसटीनं सिल्लोड, तिथून टेम्पोनं आणि पुढे दीड मैल चालत. नऊवारी नव्हे, पाचवारी साडी, पायात कॅनव्हासचे बूट, पिशवीत लाकडी कोनमापक. मी बाभळीखाली हात वर करून उभा आणि त्या अंश मोजताहेत, हे बघायला अर्धं गाव माळावर जमलं. वही त्यांनी दगडावर ठेवली होती. माप लिहायला वळल्या तर एका काळ्या शेळीनं वहीची चार पानं खाल्ली होती आणि पाचवं चालू होतं. बाई कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिल्या. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाई. समदे व्यायाम तिला पाठ झाले आता." बाई हसल्या. मी त्यांना त्याआधी आणि त्यानंतर एवढ्या मोठ्यानं हसताना पाहिलं नाही. रात्री त्यांनी आमच्या घरी पिठलं-भाकरी खाल्ली आणि आबांचे दोन्ही गुडघे तपासून त्यांच्यासाठी नवी वही सुरू केली.

फेरतपासणीत माझा दंड कानाला लागला. साहेबांनी दोनदा करून बघितलं, मान सरळ आहे ना तेही बघितलं आणि 'पात्र' लिहिलं. दुसऱ्या दिवशी मी पेढ्यांचा मोठा पुडा घेऊन साहेबांकडे गेलो, त्यांनी दया केली म्हणून. ते काहीतरी सांगायला गेले, पण बाहेर रांग होती. बाईंकडे छोटा पुडा नेला. त्यांनी तो उघडून हाजीसाहेबांपुढे धरला आणि मला म्हणाल्या, "आता इथं येत जाऊ नको. जागा अडते."

मला ते लागलं. एवढं केल्यावर दोन शब्द गोड बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं, असं वाटलं. मग मीही अडून बसलो. दिवाळीला जायचो, पाच मिनिटं उभ्या उभ्या बोलून यायचो. पुढे त्या थकल्या, खोली बंद झाली, भाचीकडे पुण्याला गेल्या. त्या वारल्याची बातमी मला तीन महिन्यांनी शिंप्याकडून कळली. मी त्यांच्यावर रागावलेलाच राहिलो होतो, असं म्हणायला हरकत नाही.

मी निवृत्त झालो तेव्हा कागदपत्रांवर सह्या करायला आस्थापना शाखेत बसलो होतो. क्लार्कनं माझी सर्व्हिसची फाईल पुढे सरकवली आणि तो चहाला गेला. मी सहज पानं चाळत होतो. दोन मेडिकल रिपोर्टांच्या मध्ये, एकावर 'अपात्र' आणि दुसऱ्यावर 'पात्र', एक वहीचं फाडलेलं पान टाचलेलं होतं. अक्षर ओळखीचं होतं.

'मेहेरबान वैद्यकीय अधिकारी साहेब यांस. आपण अपात्र ठरवलेल्या ड्रायव्हरवर इलाज मी करते. त्याच्या खांद्याला मी फक्त गाडी चालवायला शिकवलं. माणसाचा हात त्याच्या नोकरीपेक्षा वर जातो हे माझ्या ध्यानात राहिलं नाही. त्यानं आधी काय काम केलं आहे, हे मी त्याला नीट विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. माणूस खरा आहे. सबब तो नापास झालेला नाही, मी झाले आहे. मला एकदा पुन्हा परीक्षेला बसू द्यावं, ही विनंती.'

त्यांनी विचारलं होतं. पहिल्याच दिवशी विचारलं होतं, आणि मी काय उत्तर दिलं ते त्यांच्या वहीत लिहिलेलं होतं. खोटं मी बोललो होतो, हे कळल्यानंतर घरी बसून त्यांनी हे पत्र लिहिलं होतं.

क्लार्क चहा घेऊन आला. मी तोंड फिरवून बसलेला बघून म्हणाला, "काय मामा, नोकरी सुटली म्हणून वाईट वाटतंय व्हय?"

मी म्हणालो, "हो."